तिसऱ्या पायरीपर्यंत पाणी

मंगळवार, १५ जुलै. दुपारी तीन ते साडेपाच मुसळधार. पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत. खालचा श्यामसुंदर शिलाईयंत्र उचलायला पाण्यात उतरला, टाच पत्र्यानं कापली. दूध नासलं.

शाळेत कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी सवय लावलेली ही रोजनिशी सुलक्षणाबाईंनी साठ वर्षं चुकवली नव्हती. यजमान गेले त्या दिवशीही चार ओळी होत्या. तिचा उपयोग होईल असं मात्र त्यांना कधी वाटलं नव्हतं.

वरच्या मजल्यावरची नीलम आरोग्यसेविका. हवामानाच्या माहितीवरून साथ कशी ओळखायची याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण अंधेरीला संपवून गुरुवारी संध्याकाळी ती आली आणि पिशवी आपटून सुलक्षणाबाईंच्या खुर्चीत बसली. साचलेल्या पाण्यातून चाललेल्यांना तीन दिवसांच्या आत गोळ्या द्यायच्या, नाहीतर लेप्टो या जीवघेण्या तापाचा धोका, हे तिला तिथेच शिकवलं होतं. पण घरोघर वाटायच्या गोळ्या त्या भागाचा पावसाचा तक्ता लाल असेल तरच मिळणार. घाटकोपरचा तक्ता हिरवा होता, कारण आकडा सांताक्रूझच्या वेधशाळेचा आणि तिथे मंगळवारी जेमतेम चार मिलिमीटर पाऊस.

"मी उभी राहून सांगितलं, आमच्याकडे गुडघाभर पाणी होतं. तर म्हणे, प्रश्न शेवटी घेऊ. शेवटी चहा झाला, काकी."

"आणि श्यामसुंदर?"

"उद्या दुपारपर्यंतच वेळ आहे त्याला. दवाखान्यात जा म्हटलं, तर म्हणतो ताप आल्यावर बघू."

शुक्रवारी सकाळी सुलक्षणाबाई वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून नीलमबरोबर दवाखान्यात गेल्या. तासभर बाकावर बसवल्यावर डॉक्टरांनी पान वाचलं आणि ते हसून म्हणाले, "आजी, पायरी हे काही माप नाही."

"सात इंचांची पायरी आहे. तीन म्हणजे एकवीस. जिना बांधताना यजमानांनी गवंड्याकडून दोनदा मोजून घेतला होता. सांताक्रूझला कोणी आमचा जिना मोजलाय का?"

डॉक्टरांनी पानाचा फोटो काढून गोळ्यांच्या मागणीचा फॉर्म पुढे केला. फोटो जोडायला त्यात जागाच नव्हती, म्हणून नीलमनं 'इतर' या रकान्यात बारीक अक्षरांत सगळं कोंबलं. गोळ्या हातात पडायला साडेबारा वाजले.

श्यामसुंदर कुरकुरला. ताप नाय, काय नाय, उगाच गोळी कशाला?

"ताप येईपर्यंत थांबायचं असेल तर सांग," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "तसं तारीखवार लिहून ठेवते."

उपाशीपोटी गोळी सोसणार नाही, म्हणून त्यांनी घरून खिचडी आणून त्याला समोर बसवून खायला लावली, वर गोळी दिली. तीनच्या आत नीलमनं चाळीतली एकवीस घरं केली. एकाला कुलूप होतं.

संध्याकाळी त्यांनी लिहिलं: मुगाची खिचडी केली. पातेलं श्यामसुंदरकडे राहिलं.