आत्यावर गेलेली मुलगी

माझ्या भाचीला बघायला ऑस्ट्रेलियाहून एक माणूस येणार आहे, असं वहिनीनं फोनवर सांगितलं तेव्हा मी दुबईशेजारच्या अजमानमध्ये माझ्या खोलीत उद्याच्या कपड्यांना इस्त्री करत होते. मुलगी अवघी अठराची. मी म्हटलं, "अगं, एवढी काय घाई? तिचं शिक्षण तरी होऊ दे."

"लग्नासाठी नाही गं," वहिनी म्हणाली. "फुटबॉलसाठी."

हा फुटबॉल म्हणजे आपल्याला माहीत आहे तो नव्हे. हा ऑस्ट्रेलियातला खास त्यांचा खेळ. चेंडू सोललेल्या नारळासारखा लांबट, तो हातानं पकडायचा, पायानं मारायचा, आणि ज्याच्याकडे तो असेल त्याला सगळ्यांनी मिळून आडवं करायचं. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू गेला तर सहा गुण, आणि नेम चुकून बाजूच्या फटीतून गेला तरी एक गुण. प्रयत्न केला म्हणून गुण देणारा खेळ मी पहिल्यांदाच पाहिला. आमच्या शाळेत गणिताला ही पद्धत असती तर मी वर्गात पहिली आले असते.

भाची जन्मली, वाढली दुबईत. तिच्या शाळेतल्या ऑस्ट्रेलियन कोचबाईंनी तिला या खेळाची गोडी लावली. तिकडचे क्लब दरवर्षी नव्या पोरापोरींची निवड करतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. कोचबाईंनी हिचे व्हिडिओ एका क्लबला पाठवले, आणि त्या क्लबचा पारखी माणूस युरोपला जाताना वाटेत दुबईत उतरणार होता. शनिवारी सकाळी मैदानावर तो हिचा खेळ बघणार, संध्याकाळी घरी येऊन आईबापांशी बोलणार, आणि मग ठरवणार की पोरगी घ्यायची की नाही. खेळाडू घेण्याआधी त्याचं घर बघायचं, अशी त्यांची रीत आहे म्हणे.

दादा-वहिनीला या रीतीत नवीन काही वाटलंच नाही. मुलगी बघायला येणार म्हटल्यावर काय काय करायचं, ते आमच्या घराला तोंडपाठ आहे. माझ्यावर पुष्कळ सराव झालेला आहे.

"वन्सं," वहिनी फोनवर पुढे म्हणाली, आणि मी इस्त्री बाजूला ठेवली. वहिनी एरवी मला नावानं हाक मारते. वन्सं म्हणाली की समजावं, काहीतरी अवघड मागणार आहे. "तुमच्या हातच्या पोह्यांना तोड नाही. तुम्ही या. फक्त... तेवढ्या वेळेपुरतं स्वयंपाकघरात थांबाल का?"

मला समजलं. मुलगी बघायला येतात तेव्हा घरातली बिनलग्नाची आत्या पुढे आणायची नसते. त्यातून ही आत्या माझ्याएवढी. मी उंच, हाडापेरानं मोठी, खांदे रुंद, आणि हात असे की एका मुठीत पोळ्यांचं आख्खं पीठ मावावं. कऱ्हाडला मला बघायला किती मंडळी येऊन गेली त्याची गणती नाही. कुणी म्हणालं पत्रिका जुळत नाही, कुणी म्हणालं मुलगी उंच वाटते. एका बाईंनी तर माझा हात हातात घेऊन पाहिला आणि "पुरुषी आहे हो," म्हणून परत माझ्या मांडीवर ठेवला. त्यानंतर आई मला हात पदराखाली धरून बसायला सांगायची. शेवटी मी नोकरी धरली आणि इकडे आले. आता दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका कारखान्यात माल तपासते. तिथं मी नापास करते. ते मला फार आवडतं.

भाची जन्मली तेव्हा दवाखान्यात तिच्या मुठी बघून वहिनीची आई एवढंच म्हणाली होती, "आत्यावर गेली हो पोरगी." आणि सुस्कारा सोडला होता. पुढे पोरगी उंच वाढायला लागली, दाणदाण चालायला लागली, की प्रत्येक वेळी हे वाक्य आणि हा सुस्कारा जोडीनं यायचे. मी समोर असले तरी यायचे.

तरी मी शनिवारी गेले. पोरीसाठी गेले.

दादाचं घरही तिथेच, आमच्या कारखान्यापासून जवळ. दुपारी पोहोचले तर वहिनीनं नवे पडदे लावलेले, दादानं गुरुवारीच केस कापून घेतलेले, आणि पोहे दहा जणांचे भिजवायचे ठरलेले, कारण मुलगी बघायला कुणी एकटं येतं का? भाची सकाळचा खेळ संपवून आली होती. तिनं कुर्ता घालायला साफ नकार दिला आणि क्लबची बिनबाह्यांची जर्सी घालूनच स्वयंपाकघरात ओट्यावर चढून बसली. एरवी ती मी खवलेलं खोबरं निम्मं खाऊन संपवते. आज हातही लावला नाही.

"आतू, इफ ही सेज नो, खलास. डॅड हॅज ऑलरेडी डिसायडेड. अकाउंटिंग."

"म्हणू दे नाही. आपण पोहे खाऊ."

"यू डोंट गेट इट."

मला काय कळत नाही म्हणे! बाहेर पाहुणे यायच्या आधीचा तो अर्धा तास, आणि आपण आहोत तशा बऱ्या आहोत की नाही हे कुणीतरी परकं येऊन सांगणार, ही चीड. पृथ्वीवर दुसरं काही मला इतकं चांगलं कळत नाही. पण तिला ते सांगायची ती वेळ नव्हती. मी तिच्या केसांना तेल लावू का म्हणून विचारलं, तर ती "ईऊ" म्हणाली.

तो आला. हाफपँट घालून, एकटा, हातात तो लांबट चेंडू. वहिनी पैठणीत. क्षणभर दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, जणू दोघांपैकी कुणीतरी चुकीच्या घरी आलं आहे. मग तो सोफ्यावर बसला, आणि मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिले. दार बोटभर उघडं ठेवलं होतं.

त्यानं विचारलं, मुलीचा स्वभाव कसा आहे?

दादा म्हणाला, "व्हेरी क्वाएट गर्ल, सर. कुणाला साधा धक्का लावणार नाही."

"डॅड!" भाची किंचाळली. पाहुण्याचा चेहरा पडला. लोकांना धक्के मारायला तर तो तिला नेणार होता.

पडल्यावर लगेच उठते का? त्यानं विचारलं. वहिनी म्हणाली, "पडतच नाही. पहिल्यापासून जपून चालते." काही दुखापती? "कध्धी नाही!" दादा-वहिनी एका सुरात म्हणाले. भाचीनं आपलं वाकडं बोट वर केलं आणि सांगितलं की ते दोनदा मोडलंय, आणि दुसऱ्या वेळी तिनं खेळ पुरा केला होता. पाहुणा जरा खुलला. वहिनीनं घाईनं सांगितलं, "पण दिसत नाही. मेंदी लावली की अजिबात दिसत नाही."

पोहे मात्र त्यानं दोनदा मागून घेतले. मग बशी खाली ठेवून तो मुद्द्यावर आला. माणूस सरळ होता. पोरगी पळते छान, उडी छान, हात तर लाखात एक आहेत, म्हणाला. पण अंगानं काडी आहे. तिकडच्या बायका भरलेल्या अंगाच्या, हिला पहिल्याच आठवड्यात चेपून टाकतील. प्रश्न एवढाच, की पुढे हिचं अंग भरेल का? ते व्हिडिओत दिसत नाही. म्हणून तो घरं बघत फिरतो. आईबाप बघितले की पोर पुढे काय होणार ते त्याला कळतं.

आणि त्यानं आईबाप बघितले. दादा आईवर गेलेला, चणीनं लहान. वहिनी त्याहून लहान. मऊ सोफ्यावर मागे टेकून बसल्यामुळे दोघांचेही पाय जमिनीला लागत नव्हते.

"आजी-आजोबा?" त्यानं आशेनं विचारलं.

"आमचे अप्पा धिप्पाड होते," दादा म्हणाला, आणि उठून भिंतीवरची तसबीर काढून दिली. ती पासपोर्टच्या फोटोवरून मोठी केलेली. त्यात अप्पांचं फक्त तोंड होतं.

"असं मोठ्या बांध्याचं घरात सध्या कुणी आहे का?"

दादानं तोंड उघडलं. मी दाराच्या फटीतून पाहिलं, वहिनीनं त्याच्या मांडीवर हात दाबला आणि गोड हसून म्हणाली, "नो, नो. ऑल स्मॉल. व्हेरी स्मॉल फॅमिली."

पाहुण्यानं मान हलवली. चेंडू उचलला. "वी विल लेट यू नो," म्हणाला. कळवतो. हा शब्द मी इतक्या वेळा ऐकलाय की इंग्रजीत ऐकला तरी त्याचा अर्थ मला लगेच कळतो. भाचीनं मान खाली घातली. तिनं दोन्ही हात जर्सीखाली घेतले.

ते बघून मात्र माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझे हात झाकले ते झाकले. त्या पोरीचे हात कुणी झाकायचे नाहीत, तिनं स्वतःसुद्धा नाही. मी वहिनीला दिलेला शब्द ओट्यावर ठेवला, चहाचा ट्रे उचलला, पायानं दार ढकललं आणि बाहेर गेले.

ट्रे न हिंदकळता पाहुण्यांपर्यंत चालत जायची मला सवय होतीच. दादा तसबिरीकडे बघू लागला. वहिनीनं डोळे मिटून घेतले.

पाहुणा उभा राहिला. "अँड हू इज दिस?"

"माय आतू!" भाची ओरडली. "डॅड्स सिस्टर. रिअल सिस्टर!"

त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. ही नजर मला जुनी. पण पूर्वी ती खांद्यांपाशी आली की विझायची. या माणसाचे डोळे खांद्यांपाशी आले आणि मोठे झाले. अठराव्या वर्षी तुम्ही कशा होता, त्यानं विचारलं. मी म्हटलं, काडी. मग? मग दोन-तीन वर्षांत आपोआप भरले. आईनं माझा भात बंद केला होता, तरी भरले. त्यानं मला जरा चालून दाखवायला सांगितलं. मी ट्रे घेऊनच चालले. गुडघे कसे आहेत? मी तशीच उकिडवी बसले आणि उठले. वजन? वहिनी पुटपुटली, "कमी सांगा." कऱ्हाडला आई नेहमी कमीच सांगायची. मी खरं सांगितलं, पुरतं.

"ब्यूटिफुल," तो म्हणाला. माझं वजन ऐकून असं म्हणणारा पुरुष मला त्या दिवशी पहिल्यांदा भेटला.

मग काही न सांगता त्यानं चेंडू माझ्याकडे भिरकावला. मी एका हातात ट्रे सावरला आणि दुसऱ्या हातात तो पकडला, पंजात नीट बसला. चहा सांडला नाही. पाहुण्यानं भाचीला आपला हात माझ्या हाताशेजारी धरायला सांगितलं. तीच बोटं, तोच रुंद तळवा, फक्त तिचं एक बोट वाकडं. तो बराच वेळ दोन्ही हातांकडे बघत राहिला आणि मग वहिनीला म्हणाला, "मॅडम, ही बाई तुम्ही कुठे ठेवली होती?"

"किचनमध्ये," भाची म्हणाली.

काही आठवड्यांनी फोन आला. नाव ड्राफ्टमध्ये पुकारलं गेलं होतं, मुलगी पसंत होती. दादानं सगळ्या बिल्डिंगला पेढे वाटले आणि अकाउंटिंगचं नाव काढलं नाही. मी पोहोचले तेव्हा वहिनी दारातच शेजारणीला सांगत होती, "आत्यावर गेलीय ना, मग होणारच!" मी सुस्काऱ्याची वाट पाहिली. तो आला नाही. भाचीनं मला इतकी घट्ट मिठी मारली की माझा चष्मा वाकला. पोरगी आता जाणार, हे मला तेव्हा कळलं, आणि पेढा हातातच राहिला.

शेजारणीनं सगळी कथा लक्ष देऊन ऐकली. रत्नागिरीकडच्या त्या भाभी, नवऱ्याचा सुट्या भागांचा धंदा. दुसऱ्या दिवशी, मी अजून दादाकडेच होते, त्या बिर्याणीचा डबा घेऊन आल्या. वहिनीशी बोलत होत्या, पण बघत माझ्याकडे होत्या.

"आमच्या पोराला बघायला बास्केटबॉलच्या अकॅडमीवाले येनार हायत. पोरगा अजून बुटका हाय. आमच्याकडं सगळेच बुटके. तर म्हटलं, ताई येऊन बसतील काय? त्याची फुफी म्हणून. काय बोलायचा नाय, निस्ता बसायचा. सोफ्यावर."

फुफी म्हणजे आत्या. मी तर हसणारच होते. मी जायलाही तयार होते, बिर्याणी फर्मास होती. पण वहिनी आधीच उठली होती. त्या एवढ्याशा बाईनं माझ्यासमोर उभं राहून, पदर खोचून, हसत पण ठाम सांगितलं, "नाही हं भाभी. दुसरं काहीही मागा. आमच्या वन्सं आम्ही कुणाला देणार नाही."

आयुष्यात माझ्यासाठी आलेली ती पहिली मागणी, आणि ती माझ्या घरच्यांनी नाकारली. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. मला इतकं बरं वाटलं की मी डबा घेऊन स्वयंपाकघरात गेले, आणि रडून झाल्यावरच बाहेर आले.