बापाची चेष्टा

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला तर नाहीच. देवासमोर हात जोडले की मी दुसरंच काहीतरी मागतो आणि घाईने बाहेर येतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. नाही जात.

आधी माझी तक्रार ऐका. ती मी सगळ्यांना सांगतो — लग्नात, बाराव्याला, दुकानाच्या ओट्यावर. तक्रार अशी, की माझ्या मुलीच्या नाचाच्या बाईंनी भरल्या हॉलमध्ये, माझ्याच साउंडवर, माझ्याच मुलीकडून माझी चेष्टा करवली. सांगताना आवाज चढतो माझा, अजूनही. ऐकणारे माना डोलावतात, ‘काय दिवस आलेत’ म्हणतात, चहा मागवतात. पुढचं कुणी विचारत नाही. कुणी विचारू नये, म्हणूनच तर ती तक्रार मी इतकी जपली.

मी साउंडवाला. बडोद्यात घडियाळी पोळेजवळ दुकान आहे — स्पीकर, माइक, मिक्सर, सगळं भाड्याने. आजोबा संस्थानच्या फौजेत होते. वडिलांच्या वाट्याला त्यांचा फोटो आला आणि मिशीवरचा ताव आला, बाकी काही नाही. मी दुसऱ्याच्या टेम्पोत खोकी चढवत मोठा झालो. घासाघीस कुणी शिकवली नाही, पोटाने शिकवली. बाजारात माझी एक खूण आहे. सौदा अडला की मी हाताचा पंजा जमिनीकडे दाबतो, ‘रहेवा दो’, म्हणजे राहू द्या, म्हणतो, पाठ फिरवतो, समोरच्याच्या दुकानाची पायरी उतरतो — आणि थांबतो. मागून हाक येते. ‘अरे काका, पाछा आवो ने!’ येतेच. न आल्याचं मला आठवत नाही.

घरीही मी तेच करायचो. भाजीत मीठ कमी, पंखा चालू राहिला, कुणाचा निरोप सांगायचा राहिला — कारण काहीही चालायचं. ताट सरकवायचं, पंजा खाली दाबायचा, मांजलपूरच्या आमच्या फ्लॅटच्या दारापर्यंत जायचं आणि पाठ करून उभं राहायचं. मग उज्ज्वला, माझी बायको, हाक मारायची. ‘अहो, या ना. चुकलं माझं.’ काय चुकलं ते तिला माहीत नसायचं. मला तरी कुठे असायचं?

आणि मुक्ता, आमची मुलगी? ती तिथेच असायची. बघत.

कॉलेजात असताना ती केतनाबेनकडे नाच शिकायला लागली. घुंगरांचा नाच नव्हे. हा आजकालचा — अनवाणी, जमिनीवर लोळून उठायचं, एकमेकांवर अंग टाकायचं. संगीतही तसंच. ड्रम, करवतीसारखी गिटार, शब्द नाहीतच. रॉक. मला ते वाईट वाटलं नाही, खोटं कशाला बोलू? चांगल्या स्पीकरची परीक्षा अशाच संगीतावर होते. कार्यक्रम ठरला तेव्हा साउंड माझाच जाणार हे उघड होतं. मी घासाघीशीच्या तयारीने गेलो, आणि केतनाबेन म्हणाल्या, ‘काका, तमे छो एटले चिंता नथी.’ तुम्ही आहात, मग काळजी नाही. संपलं. ज्याच्याशी घासाघीस करता येत नाही, त्याच्यावर माझा राग जास्त असतो.

एक गोष्ट सांगून ठेवतो, पुढे लागेल. स्टेजच्या कडेला, नाचणाऱ्यांकडे तोंड करून, एक वेगळा स्पीकर ठेवतात. त्याला मॉनिटर म्हणतात; त्याच्या आवाजाची मिक्सरवर वेगळी सरकती पट्टी असते. प्रेक्षकांचे मोठे स्पीकर समोर ओरडत असतात. त्यांचा आवाज मागे स्टेजवर उशिरा पोचतो, आणि फुटून पोचतो. नाचणारे ठेका धरतात तो मॉनिटरवर. तो बंद पडला तर हॉलमध्ये कुणाला पत्ता लागत नाही. नाचणाऱ्याच्या पायाखालची जमीन मात्र जाते.

तालमीला मी वायरी टाकायला गेलो होतो. मुक्ता आणि हार्दिक — दोघांचाच नाच. हार्दिक उंच, शांत मुलगा, येता-जाता ‘केम छो काका’ म्हणणारा. केतनाबेननी उलटापालट केली होती. पुरुषाच्या हालचाली मुक्ताला आणि बाईच्या हार्दिकला. तो लचकला असता, ओढणी घेऊन मुरडला असता, तर मी हसून सोडून दिलं असतं. तसं काही नव्हतं. साधी पँट, साधा शर्ट. तो फक्त हात पुसायचा — नसलेल्या पदराला. मान कलती करून काहीतरी ऐकायचा. काय ऐकतोय? मला कळलं. खाली पार्किंगमध्ये माझी स्कूटर लागली, ते ऐकतोय. आणि मग त्याचे खांदे वर यायचे. किंचितच. कानांकडे.

उज्ज्वलाचे खांदे तसे वर येतात, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. एवढा संसार झाला — आणि ते मला परक्या मुलाच्या अंगावर दिसले.

मुक्ता छाती काढून आली. तिने पंजा जमिनीकडे दाबला. पाठ फिरवली, स्टेजच्या कडेपर्यंत गेली आणि थांबली. गिटारचा एकच सूर ताणत राहिला. ती हाकेसाठी थांबली होती. आणि हार्दिक हाक मारत नव्हता. नुसता उभा. सूर तुटायला आला, तेव्हा तो पुरुष — म्हणजे माझी मुलगी — आपणहून वळला. मग ड्रम कोसळले, हार्दिक धावत आला, त्याने उडी घेतली आणि तिने त्याला खांद्यावर झेललं.

बायको नवऱ्याच्या डोक्यावर बसली. मी एवढंच वाचलं त्यात. दुसरं काही वाचता येत होतं का? येत होतं. त्या पुरुषाने आयुष्यात पहिल्यांदा तिचा भार घेतला होता. पण ते वाचायला जरा थांबावं लागतं, आणि मी थांबतो तो फक्त हाकेसाठी.

तालीम संपल्यावर केतनाबेन हसत माझ्याकडे आल्या. ‘काका, ओळख्युं? मुक्ताए आखो डान्स एना पप्पानी चेष्टाओमांथी बनाव्यो छे.’ मुक्ता मागे टॉवेलने मान पुसत उभी होती, माझ्या तोंडाकडे बघत. मी काहीतरी म्हणेन याची वाट बघत होती. मी म्हणालो, ‘केबल बघायचीय,’ आणि वाकलो.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी उज्ज्वला पुढच्या रांगेत बसली होती. मी सगळ्यात मागे, मिक्सरवर. हार्दिकने हात पुसले आणि मला मागून दिसलं — तिची मान खाली गेली. ती स्वतःच्या हातांकडे बघत होती. मग मुक्ता पाठ करून उभी राहिली. गिटारचा सूर ताणला. आणि मला वाटलं — कसं सांगू? — माझ्या फ्लॅटचं दार सताड उघडं आहे, सगळं गाव आत बघतंय, आणि दाराशी मी उभा आहे. हाक येत नाहीये.

मी मॉनिटरची पट्टी खाली ओढली.

हात चुकून लागला असं मी स्वतःला सांगून पाहिलंय. हात चुकून लागला तर पट्टी थोडी सरकते. शेवटपर्यंत खाली जायला ती ओढावी लागते. मला काय हवं होतं? तिचा ठेका चुकावा, लोकांनी हसावं, त्या नाचाची हवा जावी. एवढंच. ‘एवढंच’ हा शब्द बघा — सौद्यात मी तो फार वापरतो.

हॉलमध्ये ड्रम दणाणले. हार्दिक अंदाजाने धावला. मुक्ताला ठेका ऐकू आला तो समोरून, उशिरा आणि फुटका. ती वळली, पण उशिरा वळली. तो तिच्या खांद्याला घासून खाली आला, गुडघ्यावर. ड्रमच्या त्या गदारोळातही तो आवाज शेवटच्या रांगेमागे मला ऐकू आला.

आणि लोक उठून उभे राहायच्या आत मी पट्टी पुन्हा वर ढकलली.

खाली ओढली तो राग होता, असं म्हणता येईल. वर ढकलली — तो काय होता?

हार्दिकला उचलून दवाखान्यात नेलं. हॉलच्या दाराशी गर्दीतून कुणीतरी म्हणालं, ‘छोकरी छोकराने उपाडे तो पडे ज ने!’ — मुलीने मुलाला उचललं तर पडणारच — आणि दोघं-तिघं हसले. मुक्ता धावत माझ्याकडे आली. ‘बाबा, मॉनिटर गेला होता. मला ऐकूच आलं नाही.’

मी मिक्सरवर संगीत सुरू केलं. मग तिचा दंड धरून तिला स्टेजवर नेलं. मॉनिटर दणदणत होता.

‘हा काय? चालू आहे. मी स्वतः बसलो होतो मशीनवर.’

‘पण बाबा, खरंच—’

‘घाबरलं की कान बंद होतात माणसाचे. आणि मुलीच्या जातीने कसली ओझी घेतेस खांद्यावर? तुझ्या केतनाबेनचं काय जातंय!’

तिने मॉनिटरकडे पाहिलं. मग माझ्याकडे. म्हणाली, ‘हो. चुकलं माझं.’ अगदी उज्ज्वलाच्या आवाजात. आणि तिचे खांदे वर आले. कानांकडे.

हार्दिकच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तो चालतो, नाचत नाही. निजामपुऱ्यात चष्म्यांच्या दुकानात काम करतो. मी त्या रस्त्याने जात नाही. मुक्ता त्याच्या घरी जाऊन त्याच्या आईच्या पाया पडून आली — स्वतःच्या चुकीसाठी. मी तिला स्कूटरवर नेलं होतं, खाली थांबलो होतो. नंतर तिने नाच सोडला. केतनाबेनचे फोन यायचे, मुक्ता उचलायची नाही, आणि मी म्हणायचो, ‘बरं झालं, सुटलीस.’

उज्ज्वलाने एकदाच विचारलं. कणीक मळत होती, वर न बघता म्हणाली, ‘मशीनवर तुम्हीच होतात ना?’

‘होतो. मग?’

‘काही नाही.’

त्यानंतर एकदा आमटीवरून मी ताट सरकवलं, पंजा दाबला, दारापर्यंत गेलो, पाठ करून उभा राहिलो. हाक आली नाही. आत भांडी घासल्याचा आवाज येत राहिला. शेवटी मी परत येऊन जेवलो. गार झालं होतं. तेव्हापासून एकदाही हाक आलेली नाही. तिला ठाऊक आहे का? मी विचारलेलं नाही. ती सांगणार नाही.

आता त्या शब्दाचं. माझी सगळी तक्रार एका शब्दावर उभी आहे. चेष्टा. मराठीत चेष्टा म्हणजे टिंगल, आणि नातेवाईकांना मी तेच सांगत आलो — त्या बाईने तोंडावर सांगितलं हो मला, तुमच्या चेष्टेतून नाच केला म्हणून! पण केतनाबेन गुजरातीत बोलल्या होत्या. गुजरातीत चेष्टा म्हणजे हावभाव, अंगाची हालचाल. मुक्ताने बापाच्या हालचालींतून नाच केला, एवढंच त्या म्हणाल्या. मनात कधी सोडवण झाली तर ती या शब्दावर व्हावी असं मी ठरवून ठेवलं होतं — माणसाचा गैरसमज झाला, दोन भाषांच्या मध्ये सापडला बिचारा.

मी बडोद्यात जन्मलो. दिवसभर गुजरातीत घासाघीस करतो, गुजरातीत शिव्या देतो. मला त्या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता?

माहीत होता. त्याच क्षणी, केबलवर वाकताना, पक्का माहीत होता. टिंगल असती तर मी सहन केली असती. उलट चार सुनावून विसरलो असतो. ती टिंगल नव्हती. माझ्या मुलीने मला नीट बघितलं होतं, लहानपणापासून, आणि जे बघितलं ते जसंच्या तसं ठेवलं होतं. वर शेवटी मला आपणहून वळायला लावलं होतं. तेवढं एक तिने स्वतःच्या मनाचं घातलं होतं.

मुक्ताचं लग्न झालं. माणसं बरी आहेत. नवरात्रात ती माहेरी येते, आमच्या सोसायटीच्या गरब्याला. साउंड माझाच असतो. रिंगणाच्या कडेला ती उभी राहते आणि आधी बायकांच्या पायांकडे बघते. त्यांचं पाऊल पडलं की मग स्वतःचं टाकते. बडोद्यात वाढलेली मुलगी, गरब्याचा ठेका डोळ्यांनी बघून घेते.

गेल्या नवरात्रात ती रिंगणातून बाहेर आली, माझ्या टेबलाशी वाकली. ‘बाबा, आवाज जरा मागेपुढे येतोय का? की मलाच वाटतंय?’

‘तुलाच,’ मी म्हणालो.

मागचा स्पीकर खरंच उशिरा येत होता. ती रिंगणाकडे परत गेल्यावर मी तो नीट केला.