पारायणासाठी बंद केलेली गोळी

आमच्या गावातला सप्ताह परवा उठला. मांडव निघाला, कढया घासून झाल्या, बायकांच्या बाजूचा हिशोबही मी काल देऊन टाकला... पण एक गोष्ट मनातून जात नाही, म्हणून इथे लिहिते.

आमचं गाव शिरूर कासारकडचं. या दिवसांत निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं असतं, त्यामुळे पारायणाला घरी राहिलेल्या बाया आणि म्हाताऱ्याच जास्त. बायकांची वर्गणी, पोथ्या, कोण कुठे बसणार, हे सगळं माझ्याकडे असतं. दहावी शिकलेली आणि पैशाला जपणारी म्हणून हे काम मला दिलंय... आणि खरं सांगते, त्याचा मला थोडा ताठाही होता.

माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्यांना, बीपीचा त्रास आहे. त्यांच्या दोन गोळ्या आहेत, त्यातली एक पाण्याची. ती घेतली की अंगातलं जास्तीचं पाणी आणि मीठ लघवीवाटे निघून जातं. सकाळी चहानंतर मीच त्यांच्या हातावर ठेवते, आणि मग दुपारपर्यंत त्यांची उठबस चालू...

आमच्याकडे पारायणाला बसलं की अध्याय संपेपर्यंत कुणी उठत नाही. पहिल्याच दिवशी आत्या मधेच दोनदा उठल्या. सगळ्यांच्या पोथ्यांमधून वाट काढत जायचं, हातपाय धुऊन तशीच वाट काढत परत यायचं.

शेजारच्या शेवंताकाकू पोथीतून मान वर न करता म्हणाल्या, "आक्का, पोथी वाचाय आलाव का रान राखाय?" ओळीतल्या बाया पदराआड हसल्या. आत्याही हसल्या. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावर मीच म्हटलं, सप्ताह होईपर्यंत ती गोळी राहू द्या, दुसरी चालूच आहे ना. सकाळी पाणीही बेतानंच प्या. देवाच्या कामात काही होत नाही... असंही म्हटलं.

आत्या एवढंच म्हणाल्या, "डाक्टर बोलंल की गं." मी म्हटलं, त्यांना कोण सांगतंय.

पाकिटात गोळ्या तशाच राहिल्या. तेवढ्या वाचल्या म्हणून मला बरंही वाटलं होतं... हे लिहिताना लाज वाटते.

त्यानंतर आत्या पारायणातून एकदाही उठल्या नाहीत. कुणी काही बोललं नाही. मला वाटलं, देवानं निभावून नेलं.

सप्ताह निम्म्यावर आला तेव्हा त्यांची जोडवी बोटांत रुतायला लागली. चप्पल पायात जाईना. मांडी घालून बसून पाय सुजले असतील म्हणून मी तेल चोळून दिलं. चोळताना बोट दाबलं तिथे खळगा पडला आणि तो लवकर भरून येईना. तरी मला गोळी आठवली नाही... की आठवायची नव्हती, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी पारायणाला निघताना आत्या उंबऱ्यातच बसल्या. डोकं ठणकतंय, दम पुरत नाही म्हणाल्या. आमच्या मालकांनी गाडी काढली आणि आम्ही त्यांना तालुक्याला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी बीपी मोजलं, थोडं थांबून परत मोजलं. पाय दाबून पाहिले. मग विचारलं, गोळ्या रोज चालू आहेत ना?

गोळ्या देणारी मी. उत्तरही मीच द्यायचं होतं. पण मालक शेजारी उभे होते, आणि मी पिशवीतली गोळ्यांची पाकिटं चाचपत राहिले...

आत्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाल्या, "पाण्याची गोळी ऱ्हायली साहेब. सप्त्याच्या नादात मीच इसरले."

डॉक्टर रागावले. लहान पोरीला बोलावं तसं बोलले. त्या मान खाली घालून ऐकत होत्या, आणि मी पिशवी छातीशी धरून उभी. हिशोबात एक रुपया लागला नाही तरी जेवण गोड न लागणारी मी... माझी चूक त्यांच्या नावावर चढत होती आणि मी चढू देत होते.

शेवटी कसंबसं तोंड उघडलं. "त्या विसरल्या नाहीत. मीच बंद करायला लावली."

डॉक्टर मला ओरडतील असं वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. ही गोळी आपल्या मनानं थांबवायची नसते, पाणीही मनानं तोडायचं नसतं, एवढं सांगितलं. मग म्हणाले, विचारलं असतं तर वेळ बदलून दिली असती. पहाटे काकड्याला उठता तेव्हा घेतली असती, पारायण बसेपर्यंत बरीचशी उठबस उरकली असती. एवढंच होतं... फक्त विचारायचं होतं.

गोळी परत सुरू करून संध्याकाळी त्यांनी आत्यांना घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी वाचन सुरू व्हायच्या आधी मी आमच्या ओळीला सगळं सांगितलं. आत्या का आल्या नाहीत, आणि कुणामुळे. टोमणे ऐकायची तयारी केली होती.

पण शेवंताकाकू हळूच म्हणाल्या, "मपली बी पाण्याचीच गोळी हाय. पयल्या दिसापासून घेतली न्हाई."

टोमणा मारणाऱ्या त्याच. मी त्यांच्याकडे बघत राहिले, त्या जमिनीकडे. त्याच दुपारी त्यांनाही दवाखान्यात पाठवलं.

शेवटच्या दिवशी डॉक्टरांना विचारूनच आत्या आल्या. त्यांना वाटेच्या कडेला खुर्ची दिली. अध्याय रंगात आला असताना त्यांनी पोथी माझ्यापुढे सरकवली. "आले गं जाऊन. तवर माझी ववी धर."

मी त्यांच्या ओवीवर बोट ठेवलं. कोण बघतंय, कोण हसतंय, हे बघायला मान वर केली नाही. त्या परत येईपर्यंत बोटही हलवलं नाही... देवा, माझी चूक अशी पदराखाली घेणारी बाई माझ्या घरात ठेवलीस, तेवढंच पुष्कळ आहे.