खरूज लपवाले अकोल्याले गेलो

बायांनो, आज लय फजिती झाली. लेकीले खरूज झाली. अकोटात दाखवलं तं गावभर होईल, म्हणून गुपचूप एसटीनं तिले अकोल्याले चामडीच्या डॉक्टरकडे नेलं.

दवाखान्यात पाहते तं तिच्या अर्ध्या वर्गाच्या आया पोरं घेऊन बसलेल्या!

"आमची तं घामोळी हाय," एक बोलली. "आमाले उन्हाची ॲलर्जी," दुसरी. मी म्हटलं, "आमाले डास चावले." अन् सारी पोरं बोटांच्या बेचक्यात कराकरा खाजवून राहिली होती.

तेवढ्यात कंपाउंडर ओरडला, "खरजेवाले सगळे संगच आत या!"

कोणीच हाललं नाही.

मग कोपऱ्यातली, तोंडाले स्कार्फ बांधलेली एक बाई हळूच उठली. पोरं वर्गातल्यासारखी एका सुरात ओरडली, "गुड मॉर्निंग, मॅडम!"

सर्दी झाली तं साऱ्या जगाले सांगतो, मग खरूज कावून लपवतो वो आपण?