सरळ आत, सरळ बाहेर

आमच्या थोरल्या जाऊबाईंना कोणी "जमणार नाही" म्हटलं की त्यांना ऐकूच येत नाही. मी या घरात आले तेव्हापासून बघतेय. मोठे दीर गेले तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, आता एवढ्या गाई कशाला? बाईंनी आणखी एक आणली, तीही मारकी.

यंदा मात्र त्यांचा उजवा खांदा आखडला. हात खांद्यापर्यंत जाईना. दूध काढायला मशीन होतं, पण शेणाची पाटी उचलायला कोण? डॉक्टरांनी वजन उचलायला सक्त मनाई केली. गडी ठेवावा तर बाईंच्या तोंडापुढे एकही टिकत नाही, आणि हे त्या स्वतःही कबूल करतात. मग काही दिवस मीच गोठा काढला. एका सकाळी त्यांनी माझ्या हातातून पाटी ओढून घेतली.

"रोज तू काढणार आणि रोज मी तुझ्या तोंडाकडे बघणार? नको गं. या गाई आहेत तोवर मी माझी मी आहे. त्या गेल्या की मी तुमच्या दारातली म्हातारी."

मला आधी राग आला, मग रडू आलं.

आमचे हे म्हणजे वेगळंच प्रकरण. त्यांनी परस्पर व्यापाऱ्याला निरोप धाडला, रविवारी येऊन गाई बघून जा. वहिनींच्या भल्यासाठीच हो, पण त्यांना विचारायचं राहून गेलं. बाईंना कळलं तेव्हा त्यांनी आरडाओरडा केला नाही. तेव्हाच मी ओळखलं की आता काही खरं नाही.

"भाऊजी, रविवारपर्यंत गोठा मी एकटीने काढून दाखवला तर?"

"तर मी व्यापाऱ्याला परत पाठवीन. पण काढणार कशाने?"

"ट्रॅक्टरने."

हे इतके हसले की त्यांना ठसका लागला. तो ट्रॅक्टर मोठ्या दिरांनी घेतला तेव्हाच जुना होता. चालू करायचा तर आधी त्याची मनधरणी करावी लागते. त्याला पुढून उचलणारा लोडर लावायचा म्हणजे आजोबांच्या हातात पोतं देण्यासारखं.

बाईंनी मोजपट्टीला बोलावलं. मोजपट्टी म्हणजे आमचा वेल्डर. त्याच्या खिशातली पट्टी सतत बाहेर असते, म्हणून हे नाव. भंगारवाल्याकडे मोठ्या ट्रॅक्टरचा एक लोडर पडला होता, तो त्याने कापून लहान केला. त्याचं म्हणणं, नुसता पुढच्या बोल्टांवर टांगला तर ट्रॅक्टर मधूनच फाटेल, म्हणून लोखंडी पट्ट्या पार मागच्या चाकांच्या एक्सलपर्यंत न्यायच्या. लोडर उचलणारा हायड्रॉलिकचा पंप अशक्त होता, पुढची बकेट अर्धीच भरलेली उचलेल म्हणाला.

"अर्धी तर अर्धी," बाई म्हणाल्या. "शेण आहे, कुठे पळून जात नाही. फक्त लिव्हर डाव्या हाताला बसव."

"काकू, लोडरचा लिव्हर सगळ्या जगात उजवीकडे असतो."

"सगळं जग येतं का माझा गोठा काढायला?"

मोजपट्टीने माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे. लिव्हर डावीकडे बसला.

शनिवारी सकाळी चाचणी. बाई चढल्या, डाव्या हाताने लिव्हर ओढला आणि बकेट कुरकुरत वर आली. मी टाळ्या वाजवल्या. बाईंनी ट्रॅक्टर गोठ्यात घातला, मधल्या वाटेवरचं शेण बकेटमध्ये घेतलं, मागे मागे बाहेर आल्या. आता फक्त उकिरड्याकडे वळायचं होतं, आणि तिथेच घोडं अडलं.

डावा हात लिव्हरवर, मग स्टिअरिंग कोणी फिरवायचं? उजव्या हाताने! तोच तर गेलेला! एवढ्या दिवसांत आम्हा शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नाही. लिव्हर सोडून डाव्याने फिरवून पाहिलं, तर पुढच्या वजनामुळे चाकं जमिनीला चिकटलेली. मोजपट्टीने मागे दगडांची पेटी बांधली, म्हणजे पुढचा भार हलका होईल. थोडा झालाही. बाईंनी दोन्ही हात लावले, ओठ चावला, आणि त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"वहिनी, पुरे आता," हे म्हणाले. आवाज मऊ होता, त्याचाच मला जास्त राग आला.

बाई उतरल्या. गोठ्याच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि आतच बघत राहिल्या. मला वाटलं, गाईंचा निरोप घेताहेत.

"मोजपट्टी," त्या म्हणाल्या, "छप्पर खांबांवर आहे की मागच्या भिंतीवर?"

त्याने आत जाऊन ठोकून, मोजून पाहिलं. "खांबांवर. भिंत नुसती आडोशाला."

"मग वळायचंच कशाला? समोरून आत जायचं, शेण ढकलत मागून बाहेर. उकिरडा मागे करू. येताना तसंच सरळ मागे यायचं."

एवढं बोलून त्यांनी हातोडा उचलला, डाव्या हातात. पहिला घाव भिंतीला लागला, दुसरा हुकला आणि त्या धडपडल्या. ह्यांनी पुढे होऊन हातोडा हिसकावला.

"द्या इकडे! भिंत पाडायची पण पद्धत असते!"

आणि सुरू झाले. तोंडाने बडबड चालूच, हा काय वेडेपणा, लोक काय म्हणतील. पण हात थांबले नाहीत. मोजपट्टीने दुसऱ्या बाजूने घाव घातले. मी विटा उचलल्या, गाई हंबरून हंबरून जीव खात होत्या. संध्याकाळपर्यंत मागचं मोकळं रान गोठ्यातून दिसायला लागलं.

रविवारी व्यापारी आला तेव्हा बाई ट्रॅक्टरवरच होत्या. उजवा हात स्टिअरिंगवर नुसता ठेवलेला, डावा लिव्हरवर. ट्रॅक्टर धूर ओकत सरळ आत गेला, शेण ढकलत सरळ बाहेर पडला, आणि मागे मागे येत परत दारात उभा राहिला. वाट स्वच्छ.

"कुठल्या गाई द्यायच्या?" व्यापाऱ्याने विचारलं.

ह्यांनी घसा खाकरला. "कुठल्याच नाही. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच!"

"मी? मी कोण सांगणारा?" आमचे हे म्हणाले आणि बाईंकडे बोट दाखवलं. "गाई त्यांच्या आहेत. त्यांना विचारा."

व्यापारी बाईंकडे वळला. ट्रॅक्टरचा आवाज इतका होता की त्याला ओरडून विचारावं लागलं, आणि बाईंना काहीच ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा गिअर टाकला.