तिनं माझं नाव घेतलं

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते जवळा निवडायचं. मुर्ध्याची कोळीण सकाळी देऊन गेली होती. मधे सूप, एका बाजूला ती, एका बाजूला मी. चष्मा लावूनही मला कचरा कुठला ते नीट दिसत नव्हतं. ती म्हणाली, "अहो, कचरा ठेवताय आणि जवळा फेकताय. गॅरेजात गाड्या पण अशाच दुरुस्त केल्यात काय?"

मी हसत वर बघितलं. तिचं तोंड डावीकडून खाली ओघळलं होतं. डावा हात सुपात मेल्यासारखा पडलेला. आणि ती मला बोलतच होती. स्वतःला काय झालंय ते तिला ठाऊकच नव्हतं.

मुलगा घरी होता. त्यानं उचलून रिक्षात घातली, मी आणि सून मागनं. डॉक्टर म्हणाले वेळेत आलात. मांडीतनं तार घालून मेंदूच्या नसेत अडकलेली गाठ ओढून काढली. संध्याकाळी ती डावी बोटं हलवायला लागली. सुनेनं लगेच गावाला फोन करून देवापुढं नारळ ठेवायला सांगितलं.

डॉक्टरीण बाई मात्र खूश दिसेना. वयानं माझ्या नातीएवढी, हिंदीत बोलणारी. म्हणाली, "चाचा, नस खुल गई है. लेकिन दो-तीन दिन संभालके."

मी चौथी शिकलेला माणूस. मला काय कळणार? विचारलं, गाठ निघाली, आता कसली भीती? तर तिनं मला बाजूला बसवून सांगितलं. रक्त थांबलं तेवढ्या वेळात नस आतनं खराब झालीय. आता रक्त जोरात आलं की त्यातलं पाणी त्या नसेतनं पाझरून मेंदूत जाऊ शकतं. मी सगळं आयुष्य काशीमीऱ्याला ट्रकचे रेडिएटर दुरुस्त केले. जुन्या रेडिएटरचा चोक, म्हणजे आत अडकलेला गाळ, काढला की पाणी धो धो जातं, आणि मग कुजलेली जाळीच गळायला लागते. हे मला पटलं. पुढचं नाही पटलं. ती म्हणाली, शरीर स्वतःच तिथं मदत पाठवतं आणि त्या मदतीनंच सूज आणखी वाढते. कवटीला तर जागा नाही. सुजलेला मेंदू जाणार कुठं?

"मग आम्ही बघायचं काय?"

"वो जैसी रोज होती हैं, वैसी ही हैं क्या. आपसे ज्यादा कौन पहचानेगा?"

म्हणजे राखण माझ्यावर आली. मी खुर्ची ओढली आणि तिच्याकडे बघत बसलो.

सिस्टर यायची, डोळ्यात बॅटरी मारायची, विचारायची. तुमचं नाव काय, कुठं आहात, हे कोण बसलेत, यांचं नाव काय? ती सगळं सांगायची, शेवटचं सोडून. माझ्याकडे बघून अर्ध्या तोंडानं हसायची आणि म्हणायची, "हे आमचे मालक." सिस्टर घाबरली, आजींना नाव आठवत नाही म्हणाली. सुनेनं समजावलं की आमच्या रत्नागिरीकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. रेशनच्या दुकानात सुद्धा ती शेजारणीला कोपर मारायची, तू सांग म्हणून. हळदीकुंकवाला बायका अडवायच्या, तेव्हा उखाण्यात पदराआड पुटपुटायची, तेवढंच.

मग ती वॉर्डातली मस्करीच झाली. सिस्टर म्हणायची, "आजी, आज तरी नाव घ्या." ही म्हणायची, "तू घे, तुझं लग्न लावून देते."

दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टरनं परत विचारलं. ती भिंतीकडे बघत होती. तिनं माझं नाव घेतलं. आडनावासकट. रेशनच्या दुकानात माणूस पुकारतो तसं.

सिस्टरनं टाळी वाजवली. सून हसली, म्हणाली, "बाबा, आई मॉडर्न झाल्या." पलीकडच्या खाटेवरची बाई पण हसली.

मी खुर्चीवरनं उठलो. मी म्हटलं, "ही बरी नाही. डॉक्टरला बोलवा."

सून म्हणाली, बाबा, चांगलं बोलतायत की. मी ओरडलो तिच्यावर. म्हटलं, ही अशी नाही बोलत. शुद्धीत असती तर जीव गेला तरी बोलली नसती. बोलव आधी.

डॉक्टरीण बाई आली. तोवर हिला उलटी झाली होती आणि डोळे मिटायला लागले होते. डोक्याचा फोटो काढला. सूज आली होती, चांगलीच. कवटीचं हाड काढून जागा करायची म्हणाले, पण वय आणि साखर बघता भरवसा देत नव्हते. मुलानं सही केली. आत नेली, बाहेर आणली. ती काही उठली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी गेली, संध्याकाळी आम्ही तिला पोचवून आलो.

डॉक्टरीण बाई जाताना म्हणाली होती, चाचा, आपने सही पहचाना. बरोबर ओळखून काय मिळालं?

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाहून तिच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. रडत होती. मग विचारलं, "भावोजी, बाय शेवटचं काय बोलली?"

सून समोर उभी होती. तिला ठाऊक होतं. मी तिच्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून, आणि फोनात सांगितलं, "पाणी मागितलं." तिकडनं ती म्हणाली, दिलंत ना? मी म्हटलं, दिलं. मग फोन ठेवला आणि आंघोळीला गेलो.