उजव्या हाताच्या टप्प्यात

म्हसवडच्या स्टँडवर माझी ट्रंक एसटीच्या टपावर चढली, तेव्हा धाकटी बहीण शकू रडत होती. मीही रडले, पण सासरी निघाले म्हणून नव्हे. आमच्या मेंढरवाड्याची लांब पांढरी भिंत आता एकट्या शकूची होणार होती. मेंढरांच्या पाठीवर खूण करून उरलेल्या गेरूनं आम्ही दोघी तिच्यावर घोडे काढायचो. आबा म्हणाले, "तुझ्या सासरी कुपवाडात बी भिंती असत्यात की गं."

होत्या ना. एका खोलीच्या चार. एकीवर भांड्यांची मांडणी, दुसरीवर ह्यांचे कारखान्याचे कपडे, उरलेल्या दोन घरमालकाला जिवापलीकडच्या, रेघही ओढू द्यायचा नाही. सासूबाईंना मी ऐटीत सांगितलं, "मला उभं राहून मोठं काढायची सवय हाय." त्या हसल्या नाहीत, हे माझं नशीब.

वर्षभरात वैशाली झाली. मांडीवरच झोपायची. खाली ठेवली की कारखान्याचा भोंगा बरा. मग डावी मांडी तिची, उजवा हात माझा. बसल्या जागी हात फिरेल तेवढंच चित्र, अर्ध्या चंद्रासारखं वाकलेलं. कागदाच्या पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत हात पोचायचाच नाही. घोडे गेले, दुपटी, वाट्या, वाकलेल्या बायका आल्या.

माहेरी गेले तर शकूच्या भिंतीवर घोड्यांचा अख्खा कळप. "पाय आखूड झाल्यात गं," मी म्हणाले. शहाणी मी! पाय लय झकास होते. शकूनं माझे कागद चाळले. "आक्का, तुझी चित्रं पंगतीला बसल्यावाणी दिसत्यात."

आता घर स्वतःचं आहे. अंगणाची भिंत मी मुद्दाम कोरी ठेवली, शकूच्या भिंतीपेक्षा हातभर लांब. गुडघे गेले खड्ड्यात, उभ्यानं घोडा काढायचा आणि फोटो शकूला पाठवायचा, हा बेत. तेवढ्यात वैशाली बाळाला घेऊन आली. तीही चित्रकार. भिंत बघितली, लेक माझ्या मांडीवर ठेवली, माझेच ब्रश घेतले आणि उभी राहिली. दोन्ही हात मोकळे. माझ्या वेळी कोण आलं होतं धरायला?

"उचल हिला. भिंत माझी हाय."

"आत्ता डोळा लागलाय आई. हलू नकोस."

नाही हलले. मांडीला मुंग्या आल्या. हाताशी कोळशाचा तुकडा होता. बसल्या बसल्या भिंतीच्या तळाशी हात फिरला. तोच अर्धा चंद्र उमटला, आणि इतक्या वर्षांनी त्यात घोडा येऊन बसला, पाय पोटाशी घेऊन.

शकू, फोटो पाठवलाय. वरचं लांबरुंद सगळं वैशालीचं. ते बघून जळणार असशील तर ये, दोघी मिळून जळू. खालचा बसलेला घोडा माझा. मांडी रिकामी असताना तो कधी आला नाही, हे वैशालीला सांगू नकोस. तुझी भिंत मला अजून हवी आहे. पण माझं घर म्हणशील तर तेवढंच, बसल्या जागी हात पोचतो तेवढं. तिथं तुला ब्रश लावू देणार नाही.